मोळी

चिठ्ठीत माझ्या वाट्याला 'उजवा' आला.
'डावा' निघाला औंधच्या मुबारक आतारला.
साल एक्क्याऐंशी, साताऱ्यात वादविवाद स्पर्धा,
फळ्यावर निळ्या खडूनं विषय:
फॅसिझम डावा की उजवा.
सात मिनिटं. सहाव्याला घंटा.

सरांनी दोन पुस्तकं दिली, दोन्ही इंग्रजी,
एक वाळवीनं माझ्याआधीच वाचलेलं.
म्हणून गेले बयाजी फडतऱ्यांकडे,
रहिमतपूर स्टेशनाच्या पल्याड, ऊसतोड चालली होती त्या फडात.
एकोणिसाव्या वर्षी ते इटलीत लढून आलेले,
डावा कान तिथल्याच कुठल्या नदीकाठी ठेवून.
त्यांच्या उजव्या अंगाला बसायचं,
हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

विषय ऐकून म्हणाले,
"आमाला डावं-उजवं म्हंजे परेड.
पाय चुकला की जमादार नडगीवर हाणायचा."

मग बराच वेळ फक्त कोयते.

मग डोंगरातला एक गोठा निघाला,
त्यात पावसात काढलेले अकरा दिवस,
आणि फणसाच्या आठळीगत काहीतरी उकडून देणारी बाई.
तिचा भाऊ गिरणीत, युनियनचा, लाल झेंड्याचा.
नवराही त्याच झेंड्याचा, आधी.
मग त्यानं काळा सदरा शिवला.
"गरिबाचं राज आनतो म्हनायचा, त्येच सबुद,
पर सभेला मोटार जमीनदाराची."
एका रात्री चौघांनी भावाला खुर्चीला बांधला
आणि बाटलीभर एरंडेल पाजलं.
"एरंडेल," बयाजी परत म्हणाले,
"आपन ल्हान पोरास्नी देतो, त्ये."
नवऱ्यानं दिवा धरला होता.

हे तुम्हाला कळलं कसं, त्यांच्या भाषेत?
"तिनं हातानं सांगितलं. बाटली दाखिवली.
मग उटून, दिवा धरून दाखिवला."

मी वहीत लिहिलं: डावा. खोडलं.
म्हटलं, नाना, पुस्तकात आहे, त्या शब्दाचं मूळ मोळी.
काठ्यांची. मध्ये कुऱ्हाड खोचलेली.
ते हसले. पायाशी पडलेली मोळी सरकवली.
"मोळीला कसलं आलंय डावं-उजवं?
उसाची मोळी उसाच्याच वाढ्यानं बांधत्यात.
तू बघ, पडती कुनाच्या गाडीत."

मुबारक आधी बोलला, आणि चांगला बोलला.
त्यांनी नाव समाजवादाचं घेतलं, म्हणाला,
सावकाराची चीड घेतली, मिरवणुका घेतल्या,
पुढारी कुठल्या तालमीत तयार झाले ते बघा.
मी म्हटलं, दुकानाची पाटी वाचू नका, गल्ला मोजा.
पहिलं कुलूप कुणाच्या कचेरीला लागलं? युनियनच्या.
कुणाची जमीन शाबूत राहिली?
गाडीचं सांगितलं, वाढ्याचं सांगायला वेळ पुरला नाही.
शेवटी कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणून टाकलं
आणि टाळ्या पडल्या.
टाळ्या म्हणीला होत्या.

मुबारक पहिला, मी उत्तेजनार्थ.
एस.टी. स्टँडवर शेंगदाणे सोलत तो म्हणाला,
"खरं तर मला तुझीच बाजू पटते. चिठ्ठीनं घात केला."
मलाही माझीच पटत होती, आजही पटते.
पण वाढं उसाचंच असतं,
हे मी त्याला म्हणाले नाही.
तेवढ्यात औंधची गाडी लागली.

बयाजी गेले अठ्ठ्याण्णवला.
आता नातवंडं जेवताना याच विषयावर भांडतात,
ताटं सुकतात, मला पंच करतात,
आणि मी गाडीवरच निकाल देते.

फक्त रात्री कधी ती बाई गोठ्यात उभी राहते,
नसलेला दिवा उचलून,
आणि वाटतं, विचारायला हवं होतं त्यांना,
तिनं तो कुठल्या हातात धरून दाखवला.