स्विचबोर्ड

आमच्या खोलीतल्या स्विचबोर्डवर दोनच रंग.
काळा पप्पांचा. फौंड्रीतली वाळू, साच्यांचं काजळ,
साबणाला, काथ्याला, रॉकेललाही न जुमानणारं.
पिवळा आईचा.
मार्केट यार्डाच्या पलीकडं हळद दळतात,
तिथं ती पोती भरते, तोंडाला ओढणी बांधून.

शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी
मी बटणं बघायची.
पंख्यावर काळं ताजं, म्हणजे पप्पा
झोपले, उठले, रात्रपाळीला गेले.
दिव्यावर पिवळं, म्हणजे आई येऊन
परत दळणाला बाहेर.
मला घड्याळ त्या बटणांनी शिकवलं.

आई आठला बाहेर, पप्पा साडेआठला आत.
मधल्या अर्ध्या तासात कुपवाड रोडवर कुठंतरी
ती सायकलवर असायची, ते वडापमध्ये.
एकदा पप्पांनी खिडकीतनं हाक मारली म्हणे.
आईला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या बायकोला हाक मारतंय कोण.

बाकी बोलणं दुधाच्या कार्डावर, मागच्या बाजूला.
गटाचा हप्ता मंगळवारी. पिठाच्या डब्याखाली ठेवा.
त्याखाली वाकडं: निम्मे ठेवलेत.
सोनालीला खोकला. औषध संपलं.
त्याखाली: आणलं.
एकदा नुसतंच: मेथी चांगली झालती.
ते कार्ड संपलं तरी आईनं टाकलं नाही.
विचारलं तर म्हणाली, हिशोब हाय त्यात.

मग ऑर्डरी कमी झाल्या.
आधी आठवड्याला चार दिवस, मग दोन,
मग मगदूम सुपरवायझर म्हणाले, कळवतो.
पप्पा घरी.

आठ-दहा दिवसांत त्यांचे हात उजळत गेले.
आधी तळवे, मग बोटांची पेरं, शेवटी नखं.
एवढे गोरे हात होते त्यांचे,
आईसुद्धा चोरून बघायची.
आम्ही तिघं एकदमच जेवायला बसलो त्या दिवशी
तर कुणी कुठं बसायचं तेच ठरेना.
पप्पांना मीठ लागत होतं, ते मागेनात.
आईनं विचारलं, काय पाहिजे?
म्हणाले, काय नको.
भाकरी चावल्याचा आवाज येत होता.
शेजारच्या शिकलगार मावशी दारातनं म्हणाल्या,
आज काय सण हाय का गं?
कुणी हसलं नाही.

रात्री मी जागीच होते.
आई भिंतीला टेकून पाय चोळत होती.
तिच्यापासून हातभर अंतरावर बसून
पप्पांनी दुधाचं कार्ड घेतलं, पेन शोधलं,
आणि लिहिलं:
बघतो कायतरी.
कार्ड सरकवलं.
तिनं वाचलं. पेन मागितलं. लिहिलं:
झोपा आता.

तेविसाव्या दिवशी पप्पा आईच्याच कारखान्यात लागले,
पोती उतरवायला. पन्नास किलोचं एक, पाठीवर.
ट्रक रात्रीच येतात, म्हणून पाळी पुन्हा रात्रीची.
पुन्हा आठ आणि साडेआठ.
आईची सायकल, पप्पांचं वडाप.
दुधाच्या कार्डाला पुन्हा भरपूर काम.

फक्त माझी पंचाईत झालीय.
आता पंखाही पिवळा, दिवाही पिवळा,
कडी, माठाचं झाकण, आरशाची कड.
कोण येऊन गेलं ते कळत नाही.
वास घेऊन बघते, तोही तोच.
मग हाक मारते,
कुणाला ते न ठरवता,
आणि आतून ओ येते का थांबून बघते.

रेग्युलेटरच्या तीन आकड्यावर
एक काळा ठिपका अजून आहे.
अमावस्येला आई बोर्ड पुसते,
फडकं ओलं करून, कडेकडेनं,
तेवढा सोडून.