बारा ते चार

एकतीस वर्षं भुसावळच्या फलाटांवर
माझ्या आवाजाने गाड्या आल्या-गेल्या.
कृपया ध्यान द्या म्हणताना
एकदाही मनात आलं नाही
की कुणी हे गाव बघायला उतरेल.
इथे उतरतात गाडी बदलायला,
बाटली भरायला, डझनभर केळी घ्यायला,
आणि शिटी झाली की पैसे फेकून पळायला.

आता व्याही येताहेत. जोरहाटहून.
पुण्याला आमच्या प्राचीकडे जाताना मध्ये एक दिवस.
उतरणार पाच पन्नासला, जाणार रात्री अकरा दहाला,
सोबत नऊ वर्षांचा नातू, ऋक, इंजिनांचा वेडा.
निरुपमाबाई फोनवर अडखळत्या हिंदीत म्हणाल्या,
सुनेचं गाव एकदा डोळ्यांनी बघते,
परत काही येणं व्हायचं नाही.
त्यांचे गुडघे. आणि व्याह्यांच्या हृदयाची झडप.

मी जुन्या ड्यूटी-डायरीतलं कोरं पान काढलं,
पट्टीने रेघा मारल्या.
पहिल्या ओळीत अर्थातच अजिंठा.
सुपडूभाऊ कुंपणावरून म्हणाले,
"सोमवारले लेणी बंद ऱ्हातस, ताई."
खोडलं.
इतकी शतकं आडवा झालेला बुद्ध
सोमवारी तोही रजेवर.

मग चांगदेव, तापी-पूर्णेचा संगम.
पायऱ्या मोजायला मी मुद्दाम जाऊन आले.
आकडा लिहिला. पुढे लिहिलं: गुडघे?
उनपदेवच्या झऱ्याचं नाव काढलं तर
हे हसता हसता खोकायला लागले:
मे महिना, सेहेचाळीस अंश,
आणि पाहुण्यांना गरम पाणी दाखवायचं!

भरीत? बामणोदची वांगी थंडीबरोबर गेली.
पण आखाजी नुकतीच झालीय,
खापर अजून माळ्यावर चढलेलं नाही,
तेव्हा मांडे आणि आमरस.
ही एक ओळ मी शाईने लिहिली.

ऋकसाठी लोको शेड.
ह्यांनी चार फोन केले. ओळखीचे साहेब बदलून गेले,
नव्या साहेबांचा पास लागतो,
आणि पास देणारा बाबू लग्नाला एरंडोलला.
पुलावरून दाखवू, म्हणाले हे,
पुलावरून जास्तच दिसतात.

प्राचीची शाळा: सुट्टी, कुलूप.
आमचं क्वार्टर: पाडलं गेल्या वर्षी.
तिथे वाळूचे ढीग आणि एक नळ,
जो का ठेवलाय कुणाला ठाऊक नाही.
इथे होतं, एवढं बघायला किती मिनिटं द्यायची?
सात लिहिलं.
मग वाटलं, जास्त होतील.
पाच केलं. पुन्हा सात.

"आपला गावमा काय शे देखाले?"
सुपडूभाऊ रोज संध्याकाळी विचारतात
आणि उत्तर द्यायच्या आत स्वतःच दोन नावं सुचवतात.
दोन्ही बंद असतात.

एक रकाना मात्र कुणी भरला नाही.
बारा ते चार.
त्या वेळात इथे कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
मी लिहिलं: पडदे ओले करणे. कूलर. माठ.
ह्यांनी खाली जोडलं: पत्ते?
हिंदी तिची मोडकी, माझी फलाटावरची,
चार तास आम्ही दोघी काय बोलणार?
"गाडी क्रमांक" सोडून मला हिंदीत फारसं येत नाही.

आज पहाटे पाच वाजता फलाट चारवर आम्ही.
हातात पान, चार घड्या पडलेलं.
वरून आवाज आला. माझा नव्हे, यंत्राचा,
कुठे श्वास घ्यायचा ते त्याला माहीत नाही:
गाडी साडेतीन तास उशिराने.
असुविधेबद्दल खेद आहे.
हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल,
बाकावर बसून ऐकलं ते आज पहिल्यांदा.

ह्यांनी खिशातून पेन्सिल काढून दिली.
संगम गेला. पूल संध्याकाळवर ढकलला.
सात मिनिटं ठेवली.
मांडे शाईत होते, खोडता येत नव्हते.
आणि बारा ते चार
जिथल्या तिथे राहिलं.
त्याला साडेतीन तासांनी काही झालं नाही.