हवेचा काटा

सिडकोत, उत्तमनगरला, पिठाच्या गिरणीच्या वर
माझी सात खुर्च्यांची खोली आहे. तासाला चाळीस रुपये.
खाली गिरणी सुरू झाली की
जहाज खरंच थरथरतं, असं पोरं म्हणतात.
त्याचे वेगळे पैसे मी घेत नाही.

जहाज म्हणजे त्या नव्या गेममधलं.
शनीच्या पलीकडे कुठेतरी बंद पडलेलं,
नऊ मजले, निम्मे दिवे मेलेले,
आणि पाइपांतून सरपटणारं काहीतरी,
ज्याला गोळी लागते, पण फरक पडत नाही.
आपल्याकडे एक बॅटरी, एक पाना
आणि मनगटावर हवेचा काटा.

पैसे देताना जो तो मत देऊन जातो.
मी मागितलेलं नसतं.

हर्षल खैरनार म्हणतो, सहाच गोळ्या, भो?
सहा गोळ्यांत माणसाने करायचं काय?
चैताली म्हणते, कमी आहेत म्हणून तर भीती आहे.
तुला नुसती बंदूक चालवायचीय ना,
कालिकेच्या यात्रेत जा, फुगे फोड.
दोघं जिन्यावर भांडतात.
गिरणीवाला दळण थांबवून ऐकतो.

आफताब म्हणाला, शेवट फसवा आहे.
चौदा तास रांगत जायचं, आणि मग कळतं
की ते दार बाहेरून आपणच लावलं होतं.
हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं,
म्हणून आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही.

सातपूरची नाइट शिफ्ट करून थेट इथे येणारा देवरे
थंडीने कानटोपीसुद्धा काढत नाही.
म्हणतो, मला यात खोटं काहीच वाटत नाही.
रात्री तीनला आमचं शॉप नंबर दोन असंच असतं,
फक्त तिथे सरपटत येतो तो सुपरवायझर.
हसतो. मग म्हणतो,
पण मशीन बंद पडल्यावरची शांतता त्यांनी बरोबर पकडली.
ज्याने बनवलं, त्याने ती कुठेतरी ऐकली असणार.

मी स्वतः तिसऱ्या मजल्यापुढे गेलेलो नाही.
गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं, असं सांगतो.

शिरसाठ मत देत नाहीत.
पन्नाशीचे. अंबडहून सिलिंडरचा टेम्पो चालवतात.
कोपऱ्यातली सात नंबरची खुर्ची. हेडफोन नको म्हणतात.
पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे ते येत नाही.
पिवळा दिवा, टेबल, भिंतीत हवा भरायची नळी.
पोरं दहा सेकंद थांबतात, सेव्ह करतात, पळतात.
शिरसाठ तासभर तिथेच.
काटा भरतात. दार उघडून चार पावलं जातात.
काटा जरा पडला की मागे फिरतात.
पुन्हा भरतात.

काका, गेम पुढे आहे, हर्षल म्हणाला.
असू दे, म्हणाले.

एकदा न राहवून मीच विचारलं, कसा वाटतो?
सुटे मोजता मोजता म्हणाले,
काटा चुकलाय त्यांचा.
इतका हळू पडत नाही.
मग जिन्याच्या तोंडाशी थांबून,
आणि भरायला रांग नाही, हेपण.

त्यांचे चाळीस रुपये मी गल्ल्यात टाकले होते.
तो एप्रिल मलाही आठवतो,
आमच्या समोरच्या बिल्डिंगमधून दोघं गेले.
घ्यायला नको होते का पैसे,
ते अजून ठरलेलं नाही.

रात्री सगळं बंद करत सात नंबरपाशी आलो
तर पडद्यावर त्यांचा माणूस तसाच उभा,
पिवळ्या दिव्याखाली, काटा पूर्ण भरलेला.
खुंटीवरचा हेडफोन कानाला लावला.
तो श्वास घेत होता.
कुणी खेळत नसलं तरी घेत राहतो,
तसं बनवलेलंच असतं, मला माहीत आहे.

मेन स्विचवर हात होता.
खाली कुणाचं तरी शेवटचं दळण सुरू होतं, बाजरीचं असावं,
खोली बारीक थरथरत होती.
म्हटलं, गिरणी थांबेपर्यंत राहू दे.