पानाची उलट बाजू

खोली केवढी, तर पलंग ठेवला की
दार अर्धंच उघडतं.
आधी इथे टोमॅटोच्या बरण्या होत्या, इस्त्रीचं टेबल,
आणि कुणीच न चालवलेली एक सायकल.
बाबा शेतावरून यायचे ठरले तेव्हा
सगळं गच्चीवर नेलं, भिंतींना पांढरा हात दिला.

पहिली रात्र त्यांनी खुर्चीत काढली, बुटांसकट.
सकाळी म्हणाले, "दोनाता,
डॉक्टर किती वाजता येतात इथे?"

म्हणून पंतालेओच्या दुकानात गेले.
त्याने रंगांचं पुस्तक पुढ्यात टाकलं,
नुसत्या हिरव्याचीच सात पानं.
"एवढ्याशा खोलीला गडद रंग देऊ नये," तो म्हणाला,
"भिंती अंगावर येतात."
म्हटलं, येऊ देत.
ज्याच्या अंगावर साठ वर्षं फांद्याच येत होत्या
त्याला मोकळ्या भिंतीचीच धास्ती असेल.

पोपटी नको. शेवाळी नको.
ऑलिव्हच हवा, पण बरणीतल्या फळाचा नाही,
तेलाचाही नाही.
पानाचा.

पंतालेओने डबा यंत्रात घुसळला,
झाकणावर बोटभर रंग फासून वाळवला.
मग आम्ही दोघं रस्त्यावर उन्हात येऊन
त्या ठिपक्याकडे बघत राहिलो.
ताडून बघायला पान नव्हतं.
आमच्या बाजूची सगळीच वाळली.
बाबांची एकशे बारा;
रोग शेंड्याकडून खाली आला, सावकाश,
पाहुण्यासारखा एकेका घरी थांबत.
शेवटचं त्यांनी स्वतः कापलं
आणि करवत शेजारच्या मुलाला देऊन टाकली.

दोन रविवार लागले.
शिळ्या पावाच्या रंगाचा पडदा शिवला,
बाजारातून पितळेचा दिवा आणला, थोडा वाकडा,
पायथ्याशी करड्या लोकरीचं पांघरूण.
त्याच झाडांच्या लाकडाचा पलंग करू,
असं माझ्या नवऱ्याच्या मनात आलं.
मी त्याला गप्प बसवलं.
आपल्या माणसाच्या हाडांवर
कुणी झोपतं का?

बाबा आले. भिंतीवर तळवा ठेवला,
घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा.
"हा तर पलटणीचा रंग," म्हणाले.
"हाच घालून मी अठरा महिने
बटाटे सोलले."

माझी कंबर धरलेली, नखांत रंग,
केसांत रंग, आणि हे बटाटे.

"पान उलटून बघितलं होतंस कधी?
एका रंगाचं पान नसतं.
वारा सुटला की अख्खं रान कूस बदलतं,
चांदी होते त्याची."
"मग वारा कुठून आणू," मी ओरडलेच,
"आठ बाय नऊच्या खोलीत?"

ते काही बोलले नाहीत.
मी ब्रश धुवायला गेले, आणि उगाच
फार वेळ धूत बसले.

त्या रात्री त्यांनी बूट काढले.
तिसऱ्या दिवशी उशी पायथ्याकडे नेली,
तोंड खिडकीसमोरच्या भिंतीकडे.
का, ते मी विचारलं नाही,
आमच्यात अजून थोडा अबोला होता.

काल संध्याकाळी मी कांदा परतत होते.
आतून हाक आली, मोठ्याने,
शेतातून यायची तशी,
मध्ये भिंत नसल्यासारखी.
गॅस बंद करून, हात पुसत, अर्ध्या दारातून
तिरकी होऊन आत शिरले.

भिंत होती तशीच. हिरवी, जरा काळवंडलेली.
पडदा हळूहळू खाली बसत होता.
बाबा उशीवर रेलून, हाताने
काहीतरी उलटं-सुलटं करून दाखवत होते.

"गेलं," म्हणाले. "उशीर केलास."
आणि मग, मी वळताना,
"उद्या कांदा जरा आधी टाक."