ओ

हुडकेश्वरच्या टाकीखाली, पंपघराच्या खोलीत
सोमवार दुपारचे पावणेतीन.
भिंतीवरचं मे महिन्याचं पान कडेने वळलेलं.
मांडीवर लॅपटॉप, पायाशी वायरचं वेटोळं,
आणि समोर तो करडा डबा
जो दोन दिवसांपासून ऑफिसशी बोलत नाही.

"असाच हाय थो," शालिकभाऊ झोडापे म्हणतात,
"उनानं डोकं फिरते त्याचं."

मी केबल लावते. काळ्या पडद्यावर कर्सर
डोळा मिचकावत राहतो.
दोनच अक्षरं टाइप करते : एटी.
त्यात मोठं काही नाही. अटेन्शन.
म्हणजे अगं, म्हणजे अहो,
म्हणजे आई अंगणातून मारायची तशी नुसती हाक.
खालच्या ओळीत येतं : ओके.
चला, जिवंत आहे.
हाकेला ओ देतो आहे, पुढचा के कंपनीचा.

मग सिमचं विचारते. रेडी, म्हणतो.
मग विचारते, ऐकू किती येतंय तुला?
एटी+सीएसक्यू.
नव्व्याण्णव, नव्व्याण्णव.

शालिकभाऊ खांद्यावरून वाकून बघतात.
"नव्याण्णव! मंग त पासच हाय नं ताई,
बिघडलं कुठी?"

कसं सांगू, भाऊ,
इथे एकतीस म्हणजे पैकीच्या पैकी,
दहाच्या खाली रडतखडत,
शून्यसुद्धा एक उत्तर आहे, कुजबुजीएवढं.
नव्व्याण्णव म्हणजे मोजताच येत नाही.
म्हणजे विचारलं तर तो खांदे उडवतो.

एटी+सीआरईजी, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
ही एकच भाषा मला येते
जिथे प्रश्नचिन्ह गाळलं की लगेच पदरात चूक पडते.
शून्य, दोन.
शोधतोय.
पुन्हा विचारते. शून्य, दोन.
पंधरा मिनिटं विचारत बसते. शोधतोय, शोधतोय.
आणि दारातून टॉवर तर दिसतोय, लाल-पांढरा,
गल्लीच्या टोकाला, लग्नात मान न मिळालेल्या
सोयऱ्यासारखा उभा.

तेव्हा कुठे लक्षात येतो कुलर.
पत्र्याचा, नवा वाळा घातलेला,
डब्याला पाठ लावून बसवलेला,
आणि अँटेना त्याच्या मागच्या फटीत,
पाली राहतात तिथे.

"कुलर घरचा हाय," भाऊ घाईने म्हणतात,
"शनवारीच आणला. हलवा लागते का?"
बाहेर सेहेचाळीस. मी त्यांच्या बनियनकडे बघते.
राहू द्या, म्हणते.
अँटेनाची वायर सोडवून खिडकीतून बाहेर काढते.
गजावर त्यांचा दुपट्टा वाळतोय, त्याच्या शेजारी
चुंबक टक् करून चिकटतं.

सात.
अकरा.
एकोणीस, आणि तिथेच स्थिर.
शून्य, एक.

"आता का म्हन्ते?"
म्हणतो, घरच्या नेटवर्कात आहे.

पाठोपाठ टाकीची पातळी येते : दोन मीटर चौदा.
"दोन पंधरा," भाऊ म्हणतात, पडद्याकडे न बघता.

मी वळते. दाराच्या मागे, खडूने,
दर तीन तासांचा आकडा.
शनिवार संध्याकाळ, शनिवार रात्र, रात्र, पहाट...
"हा बोलत नाई म्हटल्यावर मीच चढलो नं वर.
अठ्ठ्याऐंशी पायऱ्या हायेत. पट्टी टाकली, वाचलं,
हाफिसात फोन लावला."
उचलला?
"एक डाव उचलला. म्हने, सिस्टीमवर दिसल्याबिगर
आमाले लिवता येत नाई."

रिपोर्टात मी लिहिते :
अँटेनाची जागा बदलली. सिग्नल एकोणीस. चालू.
शेवटच्या रकान्यावर नुसतंच 'शेरा' छापलंय.
तिथे अक्षर बारीक करून
दारामागचे सगळे आकडे उतरवते. पंधरा भरतात.
दोन ओळी रकान्याबाहेर जातात.

बॅग उचलून बाहेर येते, आणि उगाचच,
काही काम नसताना हाक मारते :
शालिकभाऊ!
कुलरच्या घरघरीत त्यांना ऐकू जात नाही.
पुन्हा मारते.

"ओ?"