विहीर क्रमांक चौदा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते.
अंगडी मॅडमांच्या खोलीबाहेर तीन दिवस घुटमळले,
चौथ्या दिवशी आतूनच आवाज आला,
"आत तरी ये, नाहीतर घरी तरी जा."
मला संशोधन करायचंय, म्हणाले.
त्यांनी बाटल्या धुवायचा ब्रश हातात दिला.

महिनाभर बाटल्याच.
आधी नळाच्या पाण्यानं, मग डिस्टिल्डनं,
मग विहिरीच्या काठावर, त्याच विहिरीच्या पाण्यानं
तीनदा.
"तीनदा म्हणजे तीनदा.
दोन झालं, एक विसरला, असं नाही."
मॅडमांची मराठी धारवाडहून आलेली,
लिंग वचन वाटेत कुठंतरी उतरलेलं,
पण आकडा कधी चुकायचा नाही.

वडगावात एकतीस विहिरी.
गल्लीभर मागांचा खडखडाट,
इतका की दोर सोडला तर
बादली पाण्याला टेकलेली हाताला कळायची,
कानाला नाही.
"काय करालीस गे?" बाया विचारायच्या.
कुणाला वाटायचं मी महापालिकेची,
ती तुंबलेलं गटार दाखवायची.
तेही लिहून घ्यायचे, वहीच्या मागच्या पानावर.

चौदावी बाटली सायकलवरून पडली, फुटली.
घर जवळच होतं. स्वयंपाकघरातून एक उचलून आणली,
घाईत एकदाच विसळली.
गळ्याशी जरा पांढरट होती.
ते मी पाहिलं होतं.
पाहिलं होतं, हे इथं लिहायलाच हवं.

ब्युरेटमधून थेंब, थेंब,
कोकमासारखा लाल असतो रंग,
आणि मग एकाच थेंबात निळा.
तेरा नंबर दोनशे चार. पंधरा, एकशे नव्वद.
चौदा लाल ते लालच, थेंब संपेनात.
सहाशे दहा!
रात्री जेवण गेलं नाही.
एवढ्या गावात मलाच काहीतरी सापडलं होतं.
सकाळी मॅडमांच्या आधी नीलव्वाकडे गेले,
तिच्या परड्यातली ती विहीर.
म्हटलं, आज्जी, हे पाणी पिऊ नका.

मॅडमांनी आकडा बघितला, चष्मा पुसला,
"बाटली कुठली?"

आई भाकरी थापत होती.
"ती होय? अगं, चुन्याची निवळी होती की त्यात."

वहीतलं पान फाडायला घेतलं
तर मॅडमांनी मनगट धरलं.
"फाडायचं नाही. खोडायचं नाही.
एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी.
बाजूला लिही, काय झालं ते."
रेघ मारली.
चुना, असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली.
सही आजवर एवढी वाकडी कधी आली नव्हती.

मग परत वडगाव. नवी बाटली, तीनदा धुतलेली.
नीलव्वा कोपऱ्यावरच्या नळावरून
घागर कमरेवर घेऊन येत होती.
आठ दिवस आणत होती,
मी सांगितलं म्हणून.
काय बोलावं कळेना. खरं ते बोलले.
ती खाली बसली, घागर टेकवली,
कन्नडमध्ये मला जे म्हणाली
ते सगळं समजलं, आणि ते योग्यच होतं.
मग उठली, विहिरीचंच पाणी शेंदून
चहाला आधण ठेवलं.
"आता नीर चांगलं ना, मग?"
एकशे सत्त्याण्णव निघणार होतं ते, दुपारी,
पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.
"अजून ठाऊक नाही," म्हटलं, "संध्याकाळी येऊन सांगते."
असं उत्तर मी पहिल्यांदाच कुणाला दिलं.

अहवाल निघाला. आभारांच्या पानावर, शेवटच्या ओळीत
अक्षता धामणेकरचं अक्षदा धमनेकर झालंय.
मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी दुरुस्त करू.
पुढच्या वेळी, म्हणाल्या.

ती बाटली फळीवर परत गेलीय.
आईनं पुन्हा निवळी भरलीय तिच्यात.
माझ्या अक्षरातलं लेबल निघता निघत नाही:
वडगाव, चौदा.