सात

मे महिना, दुपारचे तीन. कूलर बंद.
वाऱ्यानं सेकंदकाटा उडतो, असं घरात सांगून ठेवलंय.
"एवढ्याशा काट्यापायी आम्ही उकडून मरायचं का मामाजी?"
सून विचारते.
हो. तासभर.

घड्याळ सरूताईचं.
तबकडी जुन्या चार आण्याएवढी, आकडे देवनागरी.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात तिच्या मनगटावर होतं,
ट्रंक कॉलची तीन-तीन मिनिटं मोजत.
गोंदिया, बल्लारशा, कधी पार कलकत्ता.
कोणी गेलं, कोणाला मुलगी झाली,
कोणाचा बाप पैसे कधी पाठवतो तेवढंच विचारायचा,
आणि मधेच ताईचा आवाज:
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?

रिटायर झाली तसं कूलरजवळच्या खिळ्याला टांगलं.
वीस-बावीस उन्हाळे वाळ्याची ओली हवा प्यायलं ते.
आत बुरशी. चार आणि पाचच्या मधे
कात सांडल्यासारखा डाग.
इतवारीतला घड्याळजी म्हणाला,
"नवी तबकडी टाकून देतो ना काका,
हे कायले घासत बसता?"

कायले म्हणजे, मी आकडे काढणारा माणूस.
अडतीस वर्षं गोळीबार चौकात नंबरप्लेटी रंगवल्या.
एमएच एकतीस, पुढे ज्याचं जे नशीब.
मग छापील प्लेटा आल्या, सगळ्या एका वळणाच्या,
आणि माझे ब्रश डब्यातच कडक झाले.

पाठ उघडली. चावी उपसली.
पन्नीचा तुकडा ठेवून दोन पात्यांनी काटे उचलले.
तबकडी खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर.
इन्व्हर्टरमधे घालायचं पाणी, रिठ्याचा एक थेंब,
कापूसकाडी.
घासायचं नाही. टेकवायचं, उचलायचं.
बुरशी सुटली. बाराच्या खालचं नाव दिसायला लागलं.
मग मला चेव आला. माझं हे जुनंच आहे,
चांगलं झालेलं आणखी चांगलं करायला जातो.

काडी उचलली तर काडीवर सात.
अख्खा, काळा, उलटा.
तबकडीवर सहानंतर थेट आठ.

नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता,
तो पुसायचंही सुचेना.
"काय झालं बे?" दिवाणावरून ताई.
तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
हेडफोन त्याच कानाला असायचा,
पण माझं गप्प बसणं तिला बरोबर ऐकू येतं.
"सात गेला," मी जरा ओरडूनच सांगितलं.
ती पंख्याकडे बघत राहिली.
"सातला ड्यूटी सुटायची माझी," म्हणाली.
"तो तसाही लवकर वाजत नसे."

खारीच्या शेपटीचे तीन केस, माचिसच्या काडीला दोऱ्यानं बांधलेले.
काळा इनॅमल, नखावर घेतलेला.
हात आता थरथरतो. पण दर थरथरीनंतर
जराशी उसंत असते,
ट्रकवाला घाई करायचा तेव्हाही मी तिथंच रेघ ओढायचो.
दोन वेळा पुसलं. तिसऱ्यांदा राहिला.

बाकीचे अकरा कारखान्यातले, सडपातळ.
हा जरा पोटाळ, नंबरप्लेटीचा,
एखाद्या रिक्षामागून उतरून आल्यासारखा.
भिंगातून बघितलं तर सात दिसेचना,
कान दिसला. लहान बाळाचा असतो तसा, गोल दुमडलेला.
डाग मी ठेवला. त्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

काटे बसवले, चावी दिली, ताईच्या हातात ठेवलं.
तिनं तबकडीकडे नीट बघितलंही नाही.
उजव्या कानाला लावलं, डोळे मिटले.

"चालते का?"

तिनं तळहात वर केला, एक्स्चेंजात करायची तसा.
"होल्ड कर."

बाहेर रस्ता पांढरा पडला होता.
सून दारात येऊन उभी, बोट कूलरच्या बटणावर.
मी मानेनंच नको म्हटलं.